आबिदा मॅडमचा पंचनामा

आबिदा मॅडम पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि मला दोषही दिला नाही. नुसतं विचारलं, "मशीन अडकायच्या आधी तू नेमकं काय करत होतीस गो?" माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि ह्या बाईला मी त्या वेळी काय करत होते त्याची पडली होती.

मी सुनयना. राहते कळंबोलीत. वडील जोतीराम, तिथल्याच लोखंड बाजारात माथाडी, आणि मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. मी महाप्याला एका कंपनीत मेनफ्रेमची ऑपरेटर आहे. मेनफ्रेम म्हणजे जुन्या जातीचा, कपाटाएवढा दणकट कॉम्प्युटर. लोकांना वाटतं तो केव्हाच भंगारात गेला असेल. कुठला जातोय! जासईकडच्या कितीतरी कंटेनर यार्डांचे डेटाबेस, म्हणजे नोंदींचे साठे, आमच्या मशीनवर चालतात. कुठला डबा कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रेलरला आत सोडायचं, कुठल्याला बाहेर, सगळं तिथून ठरतं. मशीन अडकलं की गेटवर ट्रेलर उभे राहतात आणि अर्ध्या तासात रस्ता जाम. मग ड्रायव्हर लोक यार्डवाल्यांना शिव्या घालतात, यार्डवाले हितेश सरांना, आणि हितेश सर, म्हणजे आमचे मॅनेजर, आम्हाला.

तर झालं असं होतं की डिसेंबर ते फेब्रुवारीत मशीन तीनदा अडकलं. तिन्ही वेळा सकाळी पावणेअकरा-अकराला आणि तिन्ही वेळा माझ्या पाळीत. शिवतेज नावाचा दुसरा ऑपरेटर आहे. एक आठवडा मी सकाळी आणि तो रात्री, पुढच्या आठवड्यात उलटं. त्याच्या आठवड्यात मशीन कसं, अगदी शहाण्यासारखं चालायचं. हितेश सरांनी तिन्ही रिपोर्टांत कारणाच्या रकान्यात एकच लिहिलं होतं, ऑपरेटरची चूक. कुठली चूक ते नाही लिहिलं. मी कॉन्ट्रॅक्टवर, मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपणार, आणि फाइलीत असे तीन कागद असले की ते पुढे वाढत नाही. पाच वर्षं पाळ्या केल्या त्याचं हे बक्षीस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात गंमत बघा. आमच्या खोलीत एक पांढरा फळा आहे. मशीन अडकल्यावर कोणी किती मिनिटांत बंद करून पुन्हा चालू केलं, ते त्याच्यावर लिहितात. सगळ्यात वर माझं नाव, सहा मिनिटं. हितेश सर पाहुण्यांना आणून दाखवायचे तो फळा. म्हणजे अडकवणारी पण मीच आणि सगळ्यात लवकर सोडवणारी पण मीच. ह्याच्यात काहीतरी गडबड आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही.

वाटलं ते आबिदा मॅडमना.

आबिदा पेणकर. वय छप्पन्न, बारीक चण, डोक्यावर नीट पिन लावलेला फिका स्कार्फ, आणि पर्समध्ये कायम एक छोटी वही. कंपनीतल्या सगळ्यात जुन्या डेटाबेसवाल्या. माहेर उरणकडचं. वडील अय्युबभाई पनवेलला तांदळाचे व्यापारी होते. मुलगी गणितात बीएस्सी झाली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं शिक्षिका होईल, पण ही बाई वाशीला कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊन बसली. का, तर म्हणे जाहिरातीत मेनफ्रेम हा शब्द होता आणि तो काय आहे हे गावात कोणालाच सांगता येईना. एवढ्यावर आयुष्य काढलं त्यांनी. आता सीवूड्सला राहतात. नवरा निवृत्त, मुलगी मिस्बाह फार्मसीत आहे.

त्यांच्या सोसायटीतला किस्सा त्यांनीच मला सांगितला. लिफ्ट दुपारी आपोआप तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबायची. आत-बाहेर कोणी नाही. बायकांनी भलतंसलतं बोलायला सुरुवात केली, सेक्रेटरीनं दोनदा मेकॅनिक आणला. मॅडमनी काय करावं? एक स्टूल घेऊन चार दुपारी तिसऱ्या मजल्यावर भाजी निवडत बसल्या. तर तिथे काम करणारी बाई निघताना लिफ्टचं बटण दाबायची, लिफ्ट यायला उशीर झाला की वैतागून जिन्यानं उतरायची, आणि मग लिफ्ट यायची रिकामीच. मॅडम हे सांगताना असल्या खूश झाल्या होत्या, की जणू लॉटरीच लागली. मी मनात म्हटलं, ह्या बाईला खरंच दुसरं काम नाही.

तर त्यांच्या प्रश्नाला मी तोडून उत्तर दिलं. रोज करते तेच करत होते म्हटलं. साडेदहा वाजून गेले की गेटवर गर्दी वाढते, तेव्हा सगळ्या डेटाबेसांची मोठी यादी काढायची, एकूण एक चालू आहे का बघायचं, आणि रजिस्टरमध्ये 'तपासलं, ठीक' असं लिहून सही करायची. भिंतीवर सूचना चिकटवलीय तशी. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, अडकल्यावर काय केलंस? मी म्हटलं, काय करणार, सहा मिनिटांत बंद-चालू. छाती फुगवूनच सांगितलं.

त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझी चूक नव्हती हे जे दाखवू शकलं असतं, ते तूच पुसलंस."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मशीन अडकतं त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही चाललेलं असतं, कोण कोणासाठी थांबलंय, कोणाच्या हातात काय आहे, ते सगळं जसंच्या तसं उतरवून घेता येतं. त्याला डंप म्हणतात. पण बंद करून चालू केलं की ते डोकं कोरं. मी माझ्या भाषेत समजून घेतलं. आमच्या कळंबोलीत ट्रेलर उलटला की पोलीस पंचनामा करतात आणि मगच क्रेन लागते. क्रेन आधी लावली की कोण कुठून आलं ते कोणाचा बाप सांगू शकत नाही. मी तिन्ही वेळा आधी क्रेन लावली होती, आणि त्याचंच फळ्यावर कौतुक.

मी विचारलं, मग इतकी वर्षं आम्हाला कोणी सांगितलं का नाही? मॅडम म्हणाल्या, तेच बघायला आलेय.

आणि मग त्या खरंच बघायला लागल्या. दोन दिवस माझ्या शेजारी बसून एकेक सेटिंग उघडून बघत होत्या. प्रत्येक वेळी भुवया वर. मी राग विसरून हळूहळू मान वाकडी करून बघायला लागले, खोटं कशाला बोलू. पहिली गोष्ट निघाली ती ट्रेस. ट्रेस म्हणजे मशीननं स्वतःच लिहायची डायरी. आत्ता हे केलं, मग ते केलं, शेवटच्या काही हजार गोष्टी. ती डायरी सात वर्षांपूर्वी कोणीतरी बंद केली होती, मशीनची ताकद वाचवायला. दुसरी गोष्ट, डंप ठेवायची जागा. ती ठरवली तेव्हा डेटाबेस होते साठ. आता नऊशे. म्हणजे डंप घेतला असता तरी अर्ध्यावर तुटला असता. आणि तिसरी तर कमालच. मशीनला सांगून ठेवलं होतं, की एकदा पाहिलेल्या बिघाडासारखाच बिघाड आला तर पुन्हा डंप घेऊ नको, कागद वाढतात. मॅडम हसायलाच लागल्या. म्हणाल्या, डॉक्टरनं तापाचा पेशंट बघायचाच नाही, का तर गेल्या वर्षी एक ताप बघून झालाय.

हितेश सरांकडे हे घेऊन गेल्या तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. सर म्हणाले, ट्रेस चालू ठेवला की मशीनची दोन-तीन टक्के ताकद त्यातच जाते, आणि डंप घ्यायला चार मिनिटं जास्त लागतील. चार मिनिटांत जासईला पाऊणशे ट्रेलर थांबतात. यार्डवाले खातील मला. सरांचंही चूक नव्हतं, ते त्यांच्या जागी बरोबर. मॅडमनी आवाज चढवला नाही. पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिल्या, तीनदा अडकलं ते कशानं, माहीत आहे का तुम्हाला? सर म्हणाले, ऑपरेटर. मॅडम म्हणाल्या, ऑपरेटरनं काय केलं? शेवटी वैतागून सरांनी एक महिना दिला. मार्चअखेरपर्यंत.

मॅडमनी ट्रेस चालू केला, जागा मोठी केली, ती पेशंटवाली भानगड काढून टाकली. मग माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. अडकलं की आधी ही कमांड, डंप पूर्ण झाल्याचा मेसेज येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, मगच बंद-चालू. मला म्हणाल्या, जमेल? मी म्हटलं, न जमायला काय झालं. बोलणं सोपं असतं हो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, दहा बावन्नला मशीन अडकलं. माझीच पाळी.

स्क्रीनवरचे आकडे थांबले आणि माझे हात आपोआप बंद करायच्या कमांडवर गेले. पाच वर्षांची सवय. मी हात मागे घेतले, डंपची कमांड टाकली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. फोन वाजला. दुसरा वाजला. शिवतेज काही कामाला दिवसा आला होता, तो मागून म्हणाला, अगं काय बघत बसलीस, रिस्टार्ट मार ना. हितेश सर धावत आले. माझ्या मानेपाशी उभं राहून म्हणाले, तीन रिपोर्ट आहेत तुझ्यावर, हा चौथा असेल. मी म्हटलं, सर, मेसेज येऊ द्या. आतून मला रडू फुटत होतं. वाटत होतं, कोणाच्या नादी लागले मी, ही बाई सीवूड्सला सुखानं बसेल आणि मी घरी. चार मिनिटं म्हणे! मला चार तास गेल्यासारखे वाटले. मेसेज आला आणि मग मी अशी बोटं चालवली की पुढच्या सहा मिनिटांत गेट चालू. एकूण दहा. फळ्यावर लिहायला कोणी उठलं नाही.

मॅडम दुपारी आल्या आणि डंप उघडून बसल्या. मला वाटलं होतं पाच मिनिटांत सांगतील. दोन दिवस लागले. मी पाळी संपली की त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. आकड्यांच्या ओळीच ओळी, आणि त्यातून ही बाई बोट फिरवत जायची. हा ह्याच्यासाठी थांबलाय, मग हा कोणासाठी? तो त्याच्यासाठी. मग तो? मलाही नाद लागला. गुरुवारी तर मी डबा खायला विसरले.

शुक्रवारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

जहाज आलं की त्या सकाळी यार्डवाले नवीन डब्यांची यादी डेटाबेसात भरतात. ते भरणं चालू असताना त्यातल्या एका ठिकाणी कडी लावून घेतली जाते, म्हणजे दुसऱ्या कोणी मध्ये येऊ नये. आणि त्याच सेकंदाला दुसऱ्या कोणीतरी सगळ्या डेटाबेसांची नावं वाचायला घेतली होती, दुसरी कडी हातात धरून. हा त्याच्या कडीसाठी थांबला, तो ह्याच्या. दोघंही हलेनात आणि मागे सगळे उभे. ती नावं वाचणारी कमांड माझी होती. माझ्या टेबलावरून, माझ्या नावानं, दहा बावन्नला. ती मोठी यादी.

इतके दिवस मी सगळ्यांशी भांडत होते, माझी चूक नाही, माझी चूक नाही. आणि आता कागदावर छापून आलं होतं.

मॅडम मात्र पुढे सरकून बसल्या. त्यांना पुढचा प्रश्न पडला होता. यादी तर रोज सकाळी काढायची आहे, मग शिवतेजच्या आठवड्यात का नाही अडकत? ट्रेस भरत आला की तो फाइलीत जपून ठेवायचीही त्यांनी सोय केली होती. त्या फाइली काढून आम्ही दोघींनी मिळून मागचे तीन आठवडे चाळले. शिवतेजच्या पाळीत ती कमांड एकदाही नव्हती. एकदाही! रजिस्टर काढलं. रोज सही, 'तपासलं, ठीक'.

च्यायला, न बघताच सह्या ठोकत होता तो. मी एकटी मूर्ख, जी रोज खरंच बघत होते, आणि म्हणून मशीन माझ्याच पाळीत अडकत होतं. मी इतकी भडकले की तिथेच म्हटलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव घेते की नाही बघा. मॅडमनी मला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, की त्यानंही यादी काढली असती तर दुप्पट वेळा अडकलं असतं. मग वहीत काहीतरी लिहून घरी गेल्या.

सोमवारी मीटिंगला हितेश सर, मॅडम, शिवतेज आणि मी. मॅडमनी छापलेला कागद टेबलावर ठेवला आणि पहिलंच वाक्य असं बोलल्या, की मोठी यादी काढायचा नियम मी घातला होता, साठ डेटाबेस होते तेव्हा. तेव्हा ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघायची. आता नऊशेंना वेळ लागतो, आणि तेवढ्यात कडी अडकते. नियम जुना झाला, मी तो काढायला हवा होता, काढला नाही. वेळ किती झाला हे सांगावं इतक्या साध्या आवाजात बोलल्या. सरांनी विचारलं, मग बाकीच्या पाळ्यांत का नाही झालं? माझ्या जिभेवर नाव आलं होतं. पण शिवतेज माझ्याकडे बघत होता, त्याचा चेहरा पडला होता, आणि मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, "सर, आमी ती यादी काढत नाय. नुसती सही करतो." सरांनी त्याला नंतर भेट म्हणून सांगितलं.

नियम तिथेच रद्द झाला. कारण सापडलं म्हणून सर मोकळे झाले होते. म्हणाले, छान, मग चारही रिपोर्टांत हेच लिहून टाकू, ऑपरेटरची चूक काढतो, जुना नियम घालतो. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"मागच्या तिनांत नाही लिहिता येणार," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या, चौथ्याचा डंप आहे, ट्रेस आहे. आधीच्या तिनांचं काहीच नाही. तसंच झालं असेल, बहुतेक तसंच झालं असेल, पण दुसरंही काही असू शकतं. सर म्हणाले, मॅडम, हिच्या फाइलीचा प्रश्न आहे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागानं. एक शब्द लिहायला काय जात होतं ह्या बाईचं? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पण बोलल्या सरांशीच.

"पुरावा नाही तर तुमचा शब्दही नाही लिहिता येणार, आणि माझाही नाही. लिहा, कारण माहीत नाही."

सर म्हणाले, असं कोणी लिहीत नाही, यार्डवाले विचारतील. मॅडम म्हणाल्या, विचारू देत, म्हणजे पुढच्या वेळी डंपसाठी चार मिनिटं मागताना आपल्याला सोपं जाईल. मग सरांनी तिन्ही रिपोर्ट ओढले, ऑपरेटरची चूक ह्या शब्दांवर आडवी रेघ मारली, आणि शेजारी तीनदा लिहिलं, कारण माहीत नाही. खाली सही केली. पाच वर्षांत मी त्यांना असं काही लिहिताना पाहिलं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं, एक वर्षाचं. संध्याकाळी बाजारातून परत आलेल्या बाबांना मी पायरीवरच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांना मशीनचं फारसं कळलं नाही, पण त्या तीन कागदांचं कळलं. महिनाभर त्यांची झोप उडाली होती. गमछ्यानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "मंजी पैल्या तीन टायमाला तुजी चूक नव्हती, आसंच ना?"

'हो, नव्हती' म्हणायला जीभ अगदी तयार होती. बाबांचा चेहरा बघून तर आणखीच.

"माहीत नाय, बाबा," मी म्हटलं. "तिन्ही टायमाला मी लय घाई केली."